पडदे न लावणारी गल्ली

अशी कल्पना कर, की तुझ्या बाबांनी तुझे ढीगभर फोटो काढले आहेत आणि एकाही फोटोत तुला डोकं नाही. वाढदिवसाच्या फोटोत केक आहे, मेणबत्त्या आहेत, तुझे नवे कपडे आहेत, पण मानेच्या वर नुसती भिंत. सायकलच्या फोटोत सायकल झकास आली आहे आणि तुझे फक्त दोन हात हँडलला लोंबकळत आहेत. राग येईल ना? मग तुला अवनीचं दुःख लगेच कळेल.

अवनी नऊ वर्षांची होती आणि नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहायची. तिचा बाबा यतीन जवळच्याच आइंडहोवनमध्ये इंजिनिअर होता. तिथे तो जी यंत्रं जुळवायचा, त्यांत केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूक झाली तरी त्याला ती दिसायची. स्वतःच्या मुलीचं डोकं फोटोबाहेर गेलेलं मात्र दिसायचं नाही.

कोरोनाचं दुसरं वर्ष सुरू होतं. भारतात जायची सोय नव्हती. नाशिकची आजी व्हिडिओवर भेटायची, पण तिला हातात धरून बघायला फोटो हवे असायचे. एक दिवस ती म्हणाली, "यतीन, नातीचे बूट मी आता कुठेही ओळखीन. एकदा चेहराही पाठव रे बाबा."

फोन ठेवल्यावर अवनीची आई अश्लेषा हसत सुटली. "लॉकडाउनमध्ये सगळी दुनिया केक करायला शिकली. तू फोटो काढायला शीक."

यतीनने ते मनावर घेतलं. पुण्याचे श्रीधर सर दर रविवारी ऑनलाइन कार्यशाळा घ्यायचे, तिथे त्याने नाव घातलं. नवा कॅमेरा आला, त्याच्यावर बसणारी लांबलचक लेन्स आली. दुसऱ्याच रविवारी सरांनी गृहपाठ दिला, 'आपली गल्ली'.

"गल्लीतल्या माणसांचं रोजचं जगणं टिपा," सर म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा, विचारायचं नाही! विचारलं की माणूस भांग पाडतो, पोट आत घेतो आणि पासपोर्टच्या फोटोसारखा बघायला लागतो. त्यांच्या नकळत टिपायचं."

"सर, पण आमच्या गल्लीत माणूसच नसतो," यतीन म्हणाला. "थंडी आहे, त्यात लॉकडाउन."

"अहो, माणसं कुठेतरी असतीलच की! शोधा."

यतीनने शोधली. तिकडे हिवाळ्यात सकाळी आठपर्यंत अंधार असतो, आणि घरांना रस्त्याच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेच्या खिडक्या असतात. त्यांना पडदे लावायची पद्धत नाही. सकाळी दिवे लागले की अंधाऱ्या गल्लीत एकेक खिडकी चौकटीत बसवलेल्या चित्रासारखी उजळते. कोणी पावाला लोणी लावतंय, कोणी मांजराशी बोलतंय. यतीन हरखून गेला. त्याला वाटलं, पडदे उघडे आहेत, म्हणजे बघायला यांची हरकत नाही. आपल्याकडे दार उघडं दिसलं की शेजारी सरळ आत येऊन चहाला बसतोच ना!

इथेच त्याचं चुकलं. तिकडच्या लोकांचा एक नियम आहे, जो कुठेही लिहिलेला नाही. पडदे सगळ्यांनी उघडे ठेवायचे आणि आत कोणीही बघायचं नाही. चालता चालता नजर गेली तर गेली, पण थांबायचं नाही. आणि यतीन नुसता थांबत नव्हता, एक डोळा मिटून, श्वास रोखून उभा राहत होता. घरी हे त्याने कोणाला सांगितलं नाही. चांगले फोटो जमले की एकदमच दाखवायचे, असं त्याच्या मनात होतं.

अवनी त्या वेळी गाढ झोपलेली असायची. तिला वेगळीच काळजी होती. शरद ऋतूत ते नेदरलँड्समधल्याच उइटहॉर्न गावाहून इकडे राहायला आले, आणि नव्या शाळेत ओळखी व्हायच्या आतच शाळा बंद झाली. सगळ्या गावात तिला एकच मैत्रीण मिळाली, फेम्के. फेम्केचे आईबाबा दोघेही हॉस्पिटलमध्ये कामाला, त्यामुळे सकाळपासूनच ती चार घरं पलीकडे राहणाऱ्या आजोबांकडे असायची. आजोबांचं नाव हेन्क. दोन मीटर उंच, निवृत्त, आणि गल्लीचे सगळ्यात शिस्तीचे गृहस्थ.

फेम्केशी अवनी डच भाषेत तासन्‌तास बोलायची. पण कोणी मोठं माणूस समोर आलं की तिचा आवाज जायचा. हेन्क आजोबांनी "काय म्हणतेस?" विचारलं तरी ती बुटांकडे बघायची. "तुझी मैत्रीण बोलते का गं?" असं त्यांनी एकदा फेम्केला विचारलंही होतं.

त्या आठवड्यात फेम्के एकच गोष्ट घोकत होती. "कडाक्याची थंडी येणार आहे! मागचं तळं गोठणार! कित्येक वर्षांनी गोठणार! मी तुला स्केटिंग शिकवणार. आजोबांनी परवानगी दिली की लगेच."

अवनीला रात्री स्वप्नातही तळं दिसायला लागलं.

आता गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी एक पाटी होती, तिचा अर्थ असा, की इथले शेजारी सावध असतात, चोरांनी विचार करून यावं. गट हेन्क चालवायचे. यतीन त्यात होता, पण तिथे बहुतेक हरवलेल्या मांजरांच्या बातम्या असायच्या, म्हणून तो कधी बघायचा नाही. मंगळवारी मात्र फोन सारखा वाजायला लागला. त्याने मजकूर भाषांतर करून घेतला.

पहिला निरोप समोरच्या कोरी आजींचा होता. 'पहाटे माझ्या खिडकीसमोर एक माणूस उभा होता. काळी टोपी, तोंडावर मास्क. मी दिवा घालवला तेव्हा गेला.'

दुपारी कोणीतरी लिहिलं, 'मीही पाहिला. चांगलाच उंच होता.' यतीन त्या वेळी नीट दिसावं म्हणून बाकावर चढला होता, ते अंधारात कोणाला कळणार? संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या हातात काहीतरी लांब आणि काळं आलं. रात्रीच्या जेवणाआधी तो दोन मीटरचा झाला आणि हातातली वस्तू कुलूप फोडायची पहार झाली.

"ऐकलंस का?" यतीनने अश्लेषाला वाचून दाखवलं. "दोन मीटर उंच, काळा मास्क, हातात पहार!"

"अगं बाई! आणि तू पहाटे एकटा फिरतोस? काही नको उद्यापासून."

"मी घाबरतो की काय? दिसला तर त्याचाच फोटो काढतो." आणि यतीनने गटावर आयुष्यातला पहिला निरोप टाकला, 'मी रोज पहाटे बाहेर असतो. मीही लक्ष ठेवीन.' त्यावर हृदयांचा पाऊस पडला. हेन्कनी लिहिलं, 'असे शेजारी हवेत.'

दुसऱ्या दिवशी यतीन कॅमेरा घेऊन बाहेर पडला आणि बघतच राहिला. गल्ली आंधळी झाली होती. ज्यांच्याकडे पडदे होते त्यांनी ते ओढले होते. ज्यांच्याकडे नव्हतेच, त्यांनी चादरी लावल्या होत्या. एका खिडकीवर नाताळचा टेबलक्लॉथ होता, त्यावर हरणं धावत होती.

"सगळा गृहपाठ बुडाला माझा!" घरी येऊन तो करवादला. "त्या मेल्या चोरापायी लोकांनी पडदे लावले. सापडू दे एकदा!"

"बाबा, तो आपल्याकडे येईल?" अवनीने विचारलं. फेम्केने तिला पहारेचं वर्णन मीठमसाला लावून सांगितलं होतं.

"मी आहे ना," यतीन म्हणाला.

तरी गृहपाठ सोडवेना. कुठे चादरीला फट राहिली होती, कुठे पडदा आखूड होता. फटीतून फोटो घ्यायचा तर जवळ जावं लागतं. म्हणून यतीन आता खिडक्यांच्या अगदी जवळ जायला लागला.

रविवारी बर्फ पडलं. सोमवारी पहाटे यतीन निघाला तेव्हा अजून भुरभुरत होतं, त्याची जातानाची पावलं लगेच बुजली; मग ते थांबलं आणि सगळी गल्ली पांढरीशुभ्र झाली. यतीन फेरी मारून आला, ओले बूट दारात काढले, शर्ट चढवून ऑफिसच्या मीटिंगला बसायच्या आधी चहा घेत होता. तेवढ्यात हेन्कचा निरोप आला, 'तो आज परत आला होता. बर्फात पावलं आहेत. यतीन, लगेच या.'

"अरेरे, थोडक्यात चुकामूक झाली!" यतीन ताडकन उठला. "मी आत्ताच तिकडून आलो!"

"काळा कोट घालू नकोस," अश्लेषा म्हणाली. "तुलाच चोर समजतील." तिने त्याला भगवं जॅकेट घालायला लावलं. बूट ओले होते, म्हणून त्याने दुसरे घातले. बर्फामुळे शाळा बंदच होती, त्यामुळे अवनीही निघाली.

बाहेर दोनच मोठ्या माणसांनी एकत्र जमायचं, असा तेव्हा नियम होता. मुलं त्यात मोजत नसत. म्हणून शोधपथकात हेन्क, यतीन, फेम्के आणि अवनी एवढेच होते. बाकी सगळी गल्ली पडद्यांच्या फटींतून बघत होती.

"दीड मीटर लांब राहा," हेन्क इंग्रजीत म्हणाले आणि खाली वाकले. "हे बघा. माझ्या खिडकीपर्यंत आलाय. इथे बराच वेळ उभा होता." त्यांनी आपला पाय त्या पावलाशेजारी ठेवला. "हं. लहान पाऊल आहे. दोन मीटरच्या माणसाचं वाटत नाही."

"मुद्दाम लहान बूट घालत असेल," यतीन म्हणाला. "पोलिसांना फसवायला." त्याने मोबाइल काढून पावलाचा फोटो घेतला. "प्रकाश बाजूने आला की खोली छान दिसते."

अवनी पावलाकडे बघत होती. तळव्यावर बाणांची नक्षी होती, आणि टाचेशी एक तुटका बाण. आज सकाळी उठून खाली आली तेव्हा दारातल्या ओल्या ठशांत तिने हीच नक्षी बघितली होती. 

तिने बाबाची बाही ओढली. "बाबा, लेट्स गो होम."

"थांब गं."

"बाबा, प्लीज. आत्ता. घरी चल ना."

"थंडी वाजते का? हे बघ, आपण घराच्याच दिशेने चाललोय." खरंच, पावलं कोरी आजींच्या खिडकीपाशी थांबून रस्ता ओलांडत होती आणि यतीनच्या घराच्या रांगेकडे वळत होती.

"हुशार आहे चोर," यतीन पुढे होऊन म्हणाला. "बघा, या झुडपाला वळसा घातलाय. मीही असाच घालतो, इथे खड्डा आहे."

हेन्कनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. फेम्के म्हणाली, "अवनी, तू रडतेस का?"

"नाही," अवनी म्हणाली.

पावलं एका फाटकातून आत गेली आणि पायरीवर संपली. बाहेर येणारी पावलं नव्हती. म्हणजे होती, पण ती अवनीच्या आणि यतीनच्या पायातल्या दुसऱ्या बुटांची. यतीन थबकला. घर त्याचंच होतं.

"आत आहे तो!" तो ओरडला. "आमच्या घरात शिरलाय! अश्लेषा! वरच थांब! दार उघडू नकोस!"

दार उघडलं. अश्लेषा दोन्ही हातांत ओले बूट धरून उभी होती. "काय ओरडतोयस? शंभरदा सांगितलं, ओले बूट लाकडावर काढत जाऊ नकोस. केवढं तळं झालंय बघ!" मग तिला हेन्क दिसले. तिने हसून बूट धरलेला हात वर केला आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग!"

बुटांचे तळवे नेमके हेन्कच्या डोळ्यांसमोर आले. बाण, बाण, बाण, आणि टाचेशी एक तुटका बाण.

 समोरच्या खिडकीतला पडदा हलायचा थांबला.

"म्हणजे... मी?" यतीन म्हणाला. बिचाऱ्याला खरंच आत्ता कळत होतं. "हेन्क, ते... फोटोग्राफी. मी क्लासला जातो. तो गृहपाठ होता."

"तुम्ही माझ्या खिडकीत बघत होतात?"

"हो, पण फक्त प्रकाशासाठी."

हेन्क रागावून ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी नातीचा हात धरला. "चल, फेम्के."

फेम्केने मागे वळून पाहिलं नाही. कदाचित पाहायला मिळालं नसेल. अवनीने मात्र ती चार घरं पलीकडे जाईपर्यंत पाहिलं. दार बंद झालं, तेही पाहिलं.

घरात यतीन फोन घेऊन बसला. "गटावर माफी लिहितो. 'प्रिय शेजाऱ्यांनो, झाल्या प्रकाराबद्दल...' थांब, याचं भाषांतर काहीतरी भलतंच येतंय."

"लिहितोस काय? जाऊन बोल."

"कुठल्या भाषेत? डच येतं कुठे मला? आणि कोणत्या तोंडाने? दोन मिनिटं दे, नीट लिहू दे."

दोन मिनिटांची वीस झाली. मजकूर लांबत गेला, मग खोडला गेला, मग परत लांबला. तोवर अवनीने बूट घातले, टोपी घातली आणि दार उघडून बाहेर गेली.

ती बर्फातल्या त्याच पावलांवरून चालत निघाली. फक्त उलट दिशेने. जिथे जिथे बाबा थांबला होता, तिथे बर्फ तुडवलं गेलं होतं. पहिली तशी जागा कोरी आजींच्या खिडकीसमोर होती. अवनीने बेल दाबली, नियमाप्रमाणे दीड मीटर मागे सरकली, आणि दार उघडायच्या आतच बोलायला लागली, कारण दार उघडल्यावर आवाज जाईल याची तिला भीती होती.

"तो माझा बाबा होता आणि तो चोर नाही आणि त्याच्याकडे पहार नाही, कॅमेरा आहे. आमच्याकडे दार उघडं असलं की लोक आत येतात, म्हणून त्याला वाटलं की पडदा उघडा असला की बघितलं तर चालतं. इथे चालत नाही ते त्याला कोणी सांगितलं नाही. तुम्ही घाबरलात त्याबद्दल सॉरी."

दारात कोरी आजी केव्हाच्या उभ्या होत्या. "माझा फोटो काढला का त्याने?"

"हो... बहुतेक."

"कशात होते मी?"

अवनीला ते माहीत नव्हतं. पण तोवर यतीन धापा टाकत फाटकाशी पोचला होता, गळ्यात कॅमेरा तसाच. त्याने मान खाली घालून बटणं दाबली आणि कॅमेरा लांबून त्यांच्या दिशेने धरला. आजींनी चष्मा लावून बघितलं.

"शी! हा जांभळा गाऊन! केसांचं घरटं! अहो, घाबरले मी, ते सोडा एकवेळ. पण बेल वाजवली असती तर केस तरी विंचरले असते! पुसून टाका. माझ्यासमोर." यतीनने पुसला. "आता न्हाव्यांची दुकानं उघडली की या. त्याआधी नाही."

पुढची तुडवलेली जागा हेन्कच्या खिडकीसमोर होती. अवनी तिथे क्षणभर थांबली. मग तिने बेल दाबली. हेन्कनी दार अर्धंच उघडलं.

अवनीने बुटांकडे पाहिलं नाही. मान इतकी वर करून पाहिलं, की टोपी मागे पडली. तिने सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. शेवटी म्हणाली, "बाबाने चूक केली. फेम्केने काही केलं नाही. मीपण नाही."

हेन्कनी दार पूर्ण उघडलं. "अरे," ते हळूच म्हणाले, "ही बोलते की." मग यतीनला म्हणाले, "दाखवा."

फोटोत हेन्क होते. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर फेम्के बसली होती, आणि ते एवढे मोठे आजोबा तोंडात पिना धरून तिची वेणी घालत होते. कपाळावर सात आठ्या, जणू बॉम्ब निकामी करत होते.

"वेणी वाकडी झालीय," हेन्क म्हणाले.

"रोजच होते!" त्यांच्या काखेखालून फेम्केचं डोकं बाहेर आलं.

"पुसा," हेन्क म्हणाले. यतीनने तोही पुसला, जरा जड हाताने. ते झाल्यावर हेन्क म्हणाले, "आता विचारा."

"काय?"

"जे आधी विचारायला हवं होतं."

यतीनने घसा खाकरला. "मी तुमचा फोटो काढू का?"

"नाही," हेन्क म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "बघा, किती सोपं आहे. तुम्ही विचारलंत, मी नाही म्हटलं, संपलं. आता तुमच्यावर माझा राग नाही. पण अजून तीन घरं राहिलीत तुमची."

फेम्केने तोवर बूट चढवलेही होते. "मी येऊ, आजोबा?" त्यांनी मान हलवली, तशी ती अवनीशेजारी येऊन उभी राहिली. "बेल मी वाजवते," ती म्हणाली. "बोल तू."

अवनीने थोडा विचार केला. मग ती बाबाकडे वळली. "नो. आता बाबा बोलणार."

"मी? डचमध्ये?"

"दोनच शब्द, बाबा. मख इक. म्हणजे, मी काढू का. म्हण."

"मक् इक."

"मख. घशातून. खाकरल्यासारखं."

"मख्ख..."

"परत," अवनी म्हणाली. फेम्के हसून हसून बर्फात बसली. यतीनने परत म्हटलं, आणि परत, आणि परत, आणि अवनी प्रत्येक वेळी न चिडता मान हलवत राहिली. अखेर शब्द जमला. मग तिने बाबाला दोन्ही हातांनी ढकलत पुढच्या दारापाशी नेलं, बेल स्वतःच दाबली, आणि तो पळून जाऊ नये म्हणून त्याचं भगवं जॅकेट मागून घट्ट धरून उभी राहिली.